आज सकाळचे मफिन

नोकरीतल्या आठवणी लिहा, असं या अंकासाठी मला सांगण्यात आलं. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीचं तांत्रिक ग्रंथालय मी एकोणतीस वर्षं सांभाळलं. त्या आठवणी एका पानात मावतील, कारण ग्रंथालयात काही घडत नसलं की काम नीट चाललंय असं समजतात. माझं दुसरं काम निवृत्तीनंतर सुरू झालं आणि अकरा वर्षं चाललं. त्याचं ओळखपत्र नव्हतं आणि निरोप समारंभही झाला नाही. माझी पत्नी शैला करंजाड्याच्या आमच्या घरात सफरचंदाच्या गराचे मफिन भाजायची आणि मी ते स्कूटरवरून घरोघरी पोचवायचो. गेल्या माघात शैला गेली. आता भाजतोही मीच. लिहिणार आहे ते या कामाबद्दल, आणि त्यातली एक साधी गोष्ट मला अकरा वर्षं कळली नव्हती, तिच्याबद्दल.

ज्यांनी मफिन खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कागदाच्या छोट्या द्रोणात भाजलेला, वाटीएवढा, माथ्यावर फुगलेला केक म्हणजे मफिन. एरवी त्यात लोणी आणि अंडी असतात. नवी मुंबईत बिनअंड्याचं मागणारं गिऱ्हाईक मोठं, म्हणून शैलाने अंडी काढून टाकली. मग लोणीही बरंच कमी केलं आणि त्या जागी शिजवलेल्या सफरचंदाचा गर घातला. गर पाणी धरून ठेवतो, त्यामुळे केक आतून ओलसर राहतो. सफरचंदं सोलून, चिरून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायची. शिट्टी करायची नाही, नाहीतर गर पाणचट होतो. मऊ झाली की आमच्या पुरणयंत्रातून काढायची. गर पळीवरून सावकाश उतरेल इतका दाट हवा आणि पूर्ण थंड हवा. मैद्यात निम्मी कणीक, गुळाची पूड, दही, चमचाभर लोणी, थोडं तेल, दालचिनी, किसलेलं जायफळ आणि सोडा. ओलं आणि कोरडं एकत्र केलं की पळी दहा-बाराच वेळा फिरवायची. पिठात गुठळ्या दिसल्या तरी हात थांबवायचा. हे शेवटचं मला सर्वांत जड गेलं. गुठळी दिसूनही थांबणं ग्रंथपालाच्या स्वभावात नसतं.

सफरचंदं आणणं हे माझं खातं. आठवड्यातून एकदा भल्या सकाळी वाशीच्या एपीएमसी मार्केटला जायचो. लोक लाल, कडक, चकचकीत फळ शोधतात. आम्हाला हवं असायचं ते जरा उतरलेलं, अंगठा दाबला तर किंचित दबणारं, क्वचित डागी. असं फळ भराभर शिजतं आणि त्याला वासही जास्त असतो. तिथला एक व्यापारी पहिले काही महिने माझी कीव करायचा. चांगल्या पेटीतली चार सफरचंदं वर ठेवून म्हणायचा, "काका, ही घरी न्या खायला, ती डागी गुरांना घाला." गुरं नाहीत, बायको केक करते, हे सांगितल्यावर तो बराच वेळ हसला. नंतर मात्र माझ्यासाठी डागी माल बाजूला काढून ठेवू लागला.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची होती. एक बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, या ओव्हनमध्ये पूर्वी कधी अंडं गेलं होतं का? शैला अत्यंत गंभीरपणे सांगायची, "ओव्हनला विचारून कळवते." आमच्याच सोसायटीतल्या सहाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचं म्हणणं असं, की उपासाला सफरचंद चालतं, तर सफरचंदाचा मफिन का चालू नये? शैलाने त्यांच्यासाठी राजगिऱ्याच्या पिठाचे केले. ते विटेसारखे झाले. त्यांनी तीन खाल्ले आणि पुढच्या चतुर्थीची ऑर्डर दिली. श्रद्धा दातांनाही बळ देत असावी.

सर्वांत मोठी ऑर्डर दुसऱ्या वर्षी आली. जवळच्या खाडीकाठच्या गावात एका आगरी घरी हळद होती. पूर्वी भातशेती करणारं कुटुंब, आता दोन इमारतींचं मालक. त्यांना सव्वाशे मफिन हवे होते. शैला म्हणाली, आदल्या दिवशीच भाजून ठेवू. मी विरोध केला. लग्नघरी शिळं नेऊन द्यायचं?

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मी शिळं खात नाही. आमच्या घरात शिळं कुणाला वाढणं म्हणजे त्याचा पाणउतारा, हे लहानपणापासून मनात पक्कं बसलेलं. शैलाने संसारात दोन्ही वेळा ताजा स्वयंपाक केला. उरलेल्या पोळ्यांची दुसऱ्या दिवशी ती फोडणीची पोळी करायची आणि ओट्यापाशी उभ्यानं एकटीच खायची. मी कधी एक घासही मागितला नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

तर मी हट्ट धरला आणि शैलाने ऐकलं. हळदीच्या दिवशी पहाटेपासून एका वेळी बारा या हिशेबाने आम्ही भाजत राहिलो. संध्याकाळी ऊन ऊन डबे मांडवात पोचवले आणि मी यजमानांना अभिमानाने सांगितलं, आजचेच आहेत, ताजे. थोड्या वेळाने नवऱ्यामुलाच्या आजीने शैलाला हाक मारली. त्यांच्या हातात कागद होता आणि अर्धा मफिन त्याला चिकटलेला होता.

"सूनबाय, तुजा पाव गोर बेस हाय," त्या म्हणाल्या, "पन यो कागूद काय सोरत नाय. आमच्या पोरांनी कागदासकट खाल्ला."

पाव गोड आहे पण कागद सुटत नाही, ही तक्रार ऐकून मांडवात हशा पिकला. शैलाही हसली. परत येताना स्कूटरवर मागे बसून ती एवढंच म्हणाली, "अहो, यापुढे भाजायचं माझं, पोचवायचं तुमचं." मी होय म्हणालो. मला वाटलं, ती दमली आहे.

त्यानंतरची नऊ वर्षं आमचा दिवस ठरलेला होता. रविवार सोडून रोज सकाळी ती भाजायची. सातच्या चहाबरोबर ओव्हनमधून काढलेला एक मफिन माझ्या बशीत यायचा. नऊला मी आंघोळ आणि वर्तमानपत्र उरकायचो तोवर खोकी भरून, दोरी बांधून दाराशी तयार असायची. अकरापर्यंत मी ती करंजाडे, नवीन पनवेल आणि जुन्या पनवेलमध्ये वाटून यायचो. प्रत्येक दारात सांगायचो, "आज सकाळचे." लोक हसून खोकं घ्यायचे. मला वाटायचं, ताज्या मालाचं कौतुक आहे.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाजवळ बोललो नाही. मला तो मफिन फारसा आवडायचा नाही. वास छान असायचा, पण वरून पापुद्रा कडक, आतून थोडा गिच्च, आणि कागदाला चिकटलेला भाग दातांनी खरवडावा लागायचा. लोक फोन करून तोंडभर स्तुती करायचे तेव्हा मला कुतूहल वाटायचं, की यांना यात असं काय सापडतं. बायकोच्या कामाबद्दल असा प्रश्न विचारणं बरं दिसलं नसतं. मी चहात बुडवून खायचो आणि छान झालाय म्हणायचो.

जुन्या पनवेलमधल्या रझियाआपा आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाईक. त्यांचं माहेर आणि सासर दोन्ही रायगडच्या किनाऱ्यावरचं. त्यांचे पती शाळामास्तर होते, सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. तीन वर्षांपूर्वी मास्तरांना घशाला किरणोपचाराचे शेक घ्यावे लागले. आजार आटोक्यात आला, पण तोंडात लाळ सुटेनाशी झाली आणि आवाज कुजबुजीपुरता उरला. पोळी, भाकरी, पाव काहीच गिळता येईना. घरातले सगळं दुधात नाहीतर आमटीत कालवून द्यायचे. मास्तर चिडायचे. आयुष्यभर मुलांना शिस्त लावलेल्या माणसाला चमच्याने भरवून घ्यायला नको वाटे. शैलाचा मफिन त्यांना चालला. एकदा मी खोकं द्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कुजबुजत म्हणाले, "हातात धरून खाता येतं, भाऊ."

शैला गेल्यानंतर मी काम बंद केलं. सगळ्यांना तसं कळवलं. तेराव्यानंतर रझियाआपा भेटायला आल्या. बराच वेळ बसल्या, मफिनचा विषय काढला नाही. मीच मास्तरांबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, खाणं कमी झालंय, वजन उतरतंय, आणखी उतरलं तर नाकातून नळी घालायची असं डॉक्टर म्हणतात, आणि मास्तरांनी नळीला साफ नकार दिलाय. मग विषय बदलण्यासाठी त्यांनी शैलाच्या कुंड्यांना पाणी कोण घालतं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सफरचंदं आणली.

शैलाची वही होती. मफिनची कृती दीड ओळीत लिहिलेली: जिन्नस, त्यापुढे वाट्या-चमचे, मग "बावीस मिनिटं", आणि शेवटी एकच शब्द, "डबा". मी ते सगळं तंतोतंत केलं. थंड झालेले मफिन डब्यात भरले, डब्यातून खोक्यात भरले आणि अकराच्या आत पनवेलला पोचवले. दर सोमवारी आणि गुरुवारी सहा मफिन असं ठरलं. गुरुवारी गेलो तेव्हा आपांनी सोमवारचं रिकामं खोकं परत दिलं. झाकणावर पेन्सिलीने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: "४/१०. कोरडा."

मास्तर मला गुण देत होते. मला राग आला नाही. उलट, शैला गेल्यापासून पहिल्यांदा मला कशाबद्दल तरी जाणून घ्यावंसं वाटलं. तिच्या हातून ओलसर व्हायचे, माझ्या हातून कोरडे होतात. जिन्नस तेच, ओव्हन तोच. मग फरक कुठे?

ग्रंथालयातली कोरी सूचिपत्रं माझ्याकडे गठ्ठाभर उरली होती. प्रत्येक भाजणीचं एक कार्ड केलं: तारीख, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. पहिल्यांदा गर पातळ केला. मफिन मधोमध बसले. "३/१०. खड्डा." मग तेल वाढवलं. "५/१०. तेलकट." मग दोन मिनिटं आधी काढले. यावर गुण नव्हते, फक्त "कच्चा" असं लिहून खाली रेघ मारली होती. ओव्हनमध्ये पाण्याची वाटी ठेवून पाहिली. सफरचंदाच्या जाती बदलल्या. एपीएमसीतला व्यापारी माझा गंभीर चेहरा पाहून म्हणाला, "काकी गेल्यापासून तुम्ही फळाला फार प्रश्न विचारता." तो चेष्टेने म्हणाला खरा, पण नंतर त्याने पेटीचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला मी ते त्याच्या गल्ल्यावर ठेवून आलो.

उन्हाळा संपेपर्यंत चाळीसेक कार्डं झाली. मास्तरांचे गुण पाचाच्या वर गेले नाहीत. सहातले दोन ते कसेबसे पाण्याच्या घोटांबरोबर खायचे, बाकीचे नातवंडं संपवायची. वजन अजून अर्धा किलो उतरलं होतं. पुढच्या तपासणीला डॉक्टर नळीचं ठरवणार होते. हे आपांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या सुनेने जिन्यात सांगितलं.

तो गुरुवार तपासणीचाच होता. मी नेहमीप्रमाणे सकाळी भाजले आणि निघणार तेवढ्यात आपांचा फोन आला. मास्तरांचा नंबर लवकर लागला होता, दिवसभर घरी कुणी नव्हतं, उद्या आलात तर चालेल. मी मफिन शैलाच्या स्टीलच्या मोठ्या डब्यात परत ठेवले आणि मुंग्यांच्या भीतीने झाकण घट्ट लावलं. शुक्रवारी सकाळी नवीन भाजायचे तर गर संपलेला, आणि सफरचंदं आणायची तर उशीर झाला असता. मी खूप घुटमळलो. शेवटी कालचेच खोक्यात भरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाच्या दारी शिळं घेऊन निघालो होतो, अशी माझी समजूत होती.

आपांनी दार उघडलं. त्यांनी विचारण्याआधीच मी सांगून टाकलं, "आपा, कालचे आहेत. माफ करा. नको असतील तर तसं सांगा."

त्यांनी खोकं उघडलं आणि एक मफिन काढून कागद ओढला. कागद एका झटक्यात, स्वच्छ निघाला.

"आज बरोबर आणलेत," त्या म्हणाल्या.

मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. आपांनी तो मफिन त्यांच्या हातात दिला. पाण्याचा पेला नेहमीप्रमाणे शेजारी ठेवला. मास्तरांनी एक तुकडा तोडून तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि गिळला. मग दुसरा. मी दारातच उभा होतो, चपलाही काढल्या नव्हत्या. तो पूर्ण मफिन संपेपर्यंत त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

मी आपांना विचारलं, हे कसं झालं?

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? शैलाताई कधीच आजचे देत नव्हती. आज भाजायची ते डब्यात, आणि द्यायची ते कालचे. रात्रभर डब्यात राहिले की मुरतात, म्हणायची."

"मग मी दारात सांगायचो ते?"

"आम्ही हो म्हणायचो." त्यांना हसू आवरेना. "तिनेच सांगून ठेवलेलं. म्हणाली, शिळं म्हटलं की आमच्या ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, तेव्हा त्यांना काही बोलू नका. आता तुम्ही एकटेच करताय, मला वाटलं, करत असाल तिच्यासारखंच, आणि आज सकाळचे म्हणता ते सवयीने."

म्हणजे करंजाड्यापासून जुन्या पनवेलपर्यंत माझ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, आणि नऊ वर्षं सगळे मिळून मला सांभाळून घेत होते. घरभर रोज सकाळी दरवळणारा वास उद्याच्या मालाचा असायचा.

यामागचं कारण सांगायला हवं, कारण ते मला आता समजलं आहे. ओव्हनमधून काढलेल्या मफिनमध्ये ओलावा सगळा मध्यभागी, गरात असतो. कड आणि माथा कोरडे असतात. लोणी कमी असल्याने तो कागदही घट्ट धरतो. झाकणबंद डब्यात रात्र गेली की तो ओलावा हळूहळू बाहेरपर्यंत येतो. माथा नरम होतो, आतला गिच्चपणा जातो आणि कागद आपोआप सुटतो. चाळीस कार्डांत मी सफरचंद, पाणी, तेल, आच, वेळ, सगळं बदलून पाहिलं होतं. सकाळी भाजून अकराच्या आत पोचवणं तेवढं एकदाही बदललं नव्हतं. ती मला चूक वाटण्यासारखी गोष्टच नव्हती. आणि कृतीतला शेवटचा शब्द मी भांडं समजून वाचत होतो. तो कृतीतला सर्वांत लांब टप्पा होता.

सोमवारचं खोकं परत आलं त्यावर लिहिलं होतं: "७/१०. जायफळ कमी." मास्तर शिक्षकच राहिले आहेत, पैकीच्या पैकी देणार नाहीत. डॉक्टरांनी नळीचं महिनाभर पुढे ढकललं होतं, तो महिना आता उलटला आहे. वजन वाढलेलं नाही, पण उतरलेलंही नाही. पुन्हा तपासणी व्हायची आहे. मास्तरांच्या घरी आठवड्याला तेच बारा जातात, पण आता नातवंडांची तक्रार आहे की उरत नाहीत. दोन जुनी गिऱ्हाइकंही परत आली आहेत. दारात मी आता "कालचे आहेत" असं सांगतो. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ हे ऐकून म्हणाले, "अरेरे, कळलं का तुम्हाला?"

ज्या शुक्रवारी हे समजलं त्या दिवशी घरी येऊन मी डबा उघडला होता. पनवेलला सहा दिले होते, आणि बाराच्या भाजणीतले सहा उरलेले; एरवी उरलेले मी पनवेलहून आल्यावर शेजारी वाटून टाकायचो. त्या नऊ वर्षांत मी असंख्य मफिन खाल्ले असतील, पण शैला लोकांना जो देत होती तो एकदाही नाही. तिने मला रोज दिला तो माझ्या हट्टाचा, कागदाला चिकटणारा, आणि मी तो खाऊन छान झालाय म्हणायचो. तिला ते खरं वाटत होतं का, हे विचारायला आता कुणी नाही.

एक उचलला. बशी घेतली, मग परत ठेवली. ओट्यापाशी, ती फोडणीची पोळी खायची त्या जागी, उभा राहिलो आणि कागदाचं टोक धरून ओढलं. कागद अख्खा निघाला. त्याला कणही लागलेला नव्हता.